उन्हाची वाटणी

३ एप्रिल, सोमवार

कंपनीने मला घरी पाठवताना दोन वस्तू दिल्या. एक भिंतीवरचं घड्याळ आणि दुसरी ही डायरी. घड्याळ दुसऱ्याच दिवशी बंद पडलं. डायरी मात्र आजपासून चालू करतो आहे, कारण आजपासून मी उद्योजक आहे. पुढेमागे कोणी मुलाखत घ्यायला आलं तर तारखा हाताशी असलेल्या बऱ्या.

उद्योग असा की गच्च्यांना पांढरा रंग लावायचा. रंग ऊन परतवून लावतो आणि खालच्या खोल्या थंड राहतात. कल्पना बायकोची. ती इतकी वर्षं रंगाच्या दुकानात काउंटरला होती. मला पांढरा हा एकच रंग वाटायचा, ती त्यातले अकरा पांढरे डोळे मिटून सांगते. मी हिशेब खात्यातला, त्यामुळे या धंद्यात माझं भांडवल म्हणजे उत्साह. तिनेही दुकान सोडलं. म्हणजे आता घरात दोन मालक आहेत आणि नोकरी एकालाही नाही.

आज पहिलं काम हातात आलं. शिवणकामाचा कारखाना, वर मोठी सपाट गच्ची. मालकीणबाई स्पष्ट बोलणाऱ्या आहेत. म्हणाल्या, "खाली मशीनवरच्या बायका घामाने भिजतात, कापडाला डाग पडतात. महिनाअखेर गच्ची पुरी करा. खोल्या गार झाल्या तर माझ्या बाकीच्या दोन्ही इमारती तुमच्या. नाही झाल्या, तर मला दुसरं कोणी बघावं लागेल."

घरी येताना बायको किती डबे लागतील याचा हिशेब करत होती. मी व्हिजिटिंग कार्डावर नाव कसं छापायचं याचा विचार करत होतो.

५ एप्रिल, बुधवार

आज रंगाचा पहिला हात मारला. म्हणजे एका कोपऱ्यात मारला. निम्मा रंग गच्चीला लागला, उरलेला मला.

उन्हाची तयारी मी जय्यत केली होती. आमच्या घराण्यात मी सगळ्यात गोरा. लहानपणी मला उन्हात पाठवायचं नाही असा घरात नियमच होता, आणि मी खेळात कच्चा राहिलो त्याचं सगळं श्रेय त्या नियमाला जातं. तेव्हा मी परातीएवढी टोपी आणली. बायको म्हणाली, "टोपीखाली तुम्ही आहात की नाही हे बघायला वाकावं लागतंय." तिने स्वतः माझा एक जुना शर्ट घातला होता आणि डोक्याला फडकं बांधलं होतं. बस्स. तिचं बरं आहे. सावळी आहे, तिला ऊन चढत नाही.

लग्नात माझी आत्या सगळ्यांदेखत म्हणाली होती, "आमचा मुलगा मोठ्या मनाचा आहे हो." माझ्याबद्दल इतकं चांगलं नंतर कोणी बोललं नाही, म्हणून लक्षात राहिलं.

संध्याकाळी हनुवटी जरा चुरचुरते आहे. दाढीचं पातं जुनं झालं असेल.

६ एप्रिल, गुरुवार

पातं नव्हे. भाजलो आहे.

कपाळ सुखरूप. गाल ठीक. पण हनुवटीच्या खाली, गळ्यावर, कानाच्या पाळ्यांच्या मागच्या बाजूला आणि (हे लिहायलाही लाज वाटते) नाकपुड्यांच्या आत लालभडक. शिंक आली तर डोळ्यांत पाणी येतं. जगात ऊन वरून पडतं, मला खालून लागलं. आरशात बघितलं तर कोणीतरी मला पायांना धरून उलटं टांगून वाळवल्यासारखा दिसत होतो.

मी टोपीवाल्याशी भांडायला निघालो होतो. बायकोने बसवलं. गार पाण्याची घडी गळ्यावर ठेवत म्हणाली, "अहो, आपण लावतोय काय? ऊन परतवणारा रंग. परतवलेलं ऊन जाणार कुठे? तुम्ही त्याच्यावर ओणवे होऊन बसलेले."

म्हणजे आमचा माल इतका उत्तम आहे की त्याने पहिल्याच दिवशी मालकाला भाजून काढलं. हे जाहिरातीत घालता येईल का, असं विचारलं. तिने घडी जरा जास्तच दाबली.

दिवसभर पंख्याखाली पडून होतो. तिने दर थोड्या वेळाने घड्या बदलल्या, ताक दिलं, नाकात लावायला मलम दिलं. मी विव्हळण्यात कसर ठेवली नाही. मधल्या वेळात ती एकटी जाऊन गच्चीच्या दोन बाजू खरवडून आली.

७ एप्रिल, शुक्रवार

ताईचा फोन आला. माझ्या नाकाची बातमी तिच्यापर्यंत मीच पोचवली होती. ती कळवळली. "तू अजिबात उन्हात जाऊ नकोस रे. तुझी कातडी आईसारखी, पातळ. दुपारचं काम वहिनीला बघू दे. तिला काय होतंय?"

मलाही हेच सुचत होतं, पण मी म्हणालो असतो तर वाईट दिसलं असतं. ताई म्हणाली हे बरं झालं.

त्यावरून मी उन्हाची रीतसर वाटणी केली. सकाळी कोवळ्या उन्हात रोलर फिरवायचं काम माझं. दुपारी भेगा भरायचं काम तिचं, कारण भेग आतून कडकडीत सुकलेली असल्याशिवाय तिच्यात पुट्टी धरत नाही, हे तिचंच म्हणणं. मी तेव्हा पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून फोनवर नवीन गिऱ्हाइकं शोधायची. ज्याची त्याची कातडी बघून काम. कंपनीत अशी वाटणी कोणी केली असती तर त्याला बढती मिळाली असती.

तिला सांगितलं, "तुला काय होतंय, तू उन्हाला पुरून उरशील." ती म्हणाली, "हो, मला काय होतंय."

१० एप्रिल, सोमवार

वाटणी झकास चालली आहे. गच्चीचा मोठा तुकडा पांढरा झाला. माझं सोलतं आहे. गळ्यावरून साल निघते, ती ओढायचा मोह आवरत नाही आणि मग झोंबतं. फोनवर एकही गिऱ्हाईक मिळालं नाही, पण टाकीच्या सावलीत वारा चांगला येतो.

बायकोने एक युक्ती काढली आहे. दुपारी शर्ट नळाखाली ओला करून तसाच अंगात घालते. गार वाटतं म्हणाली. मग पाठीवर चिकटलेल्या त्या ओल्या शर्टात, पांढऱ्या रंगाच्या कडेला गुडघ्यांवर बसून भेगा भरते. मी सावलीतून तिचं कौतुक केलं.

१३ एप्रिल, गुरुवार

बायकोचं काहीतरी बिनसलं आहे.

घरातही पूर्ण बाह्यांचा कपडा घालते. जेवताना खुर्चीला टेकत नाही. काल पालथी झोपली, मी विचारलं तर म्हणाली, "अशीच बरी वाटते." दुपारी गाडीत तिच्या खांद्यावरचा रंगाचा थेंब पुसायला गेलो तर झटकन बाजूला झाली. इतक्या वर्षांत ती माझा हात टाळून कधी सरकली नव्हती. मी कोणत्या गोष्टीवरून हे ओढवून घेतलं असावं, त्याची मनातल्या मनात उजळणी केली. बरंच निघालं.

१४ एप्रिल, शुक्रवार

सापडलं! व्हिजिटिंग कार्ड. त्यावर माझं नाव वर आणि मोठं, तिचं खाली आणि बारीक. कल्पना तिची, रंगाची माहिती तिची, आणि मी स्वतःच्या नावापुढे "मुख्य संचालक" छापून घेतलं. कोणीही रुसेल.

लगेच जाऊन नवीन कार्डं छापून आणली. तिचं नाव वर. संध्याकाळी तिच्या पुढ्यात ठेवली. तिने एक उचललं, बघितलं, "छान आहेत," म्हणाली आणि पाठ न टेकता खुर्चीच्या कडेवर बसून राहिली. डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, आनंदाचं.

१७ एप्रिल, सोमवार

आनंदाचं नव्हतं. आज सकाळी चहा घेताना ती म्हणाली, "दुकानाच्या शेठचा फोन आला होता. माझी जागा अजून रिकामी आहे म्हणाले. हे काम संपलं की मी परत जाईन म्हणते."

मी विचारलं, "आणि हे?"

"हे जमेलसं वाटत नाही मला."

"का पण?"

"नाही जमत, एवढंच."

खरं सांगायचं तर मी घाबरलो. कंपनीने काढलं तेव्हा इतका घाबरलो नव्हतो. तेव्हा घरी आल्यावर ही म्हणाली होती, "बरं झालं, आता दोघं मिळून काहीतरी करू." त्या "दोघं"वर मी आजवर तगून आहे. रोलर मारायला कोणीही मिळेल. ती नसेल तर मी रोज सकाळी उठून करू काय? टाकीच्या सावलीत एकटा बसू?

१८ एप्रिल, मंगळवार

जेवायच्या आधी हे लिहून काढतो.

दुपारी ती भेगा भरत होती. मी ठरवून सावलीतून उठलो, म्हटलं आज मन वळवायचंच. मागून जाऊन तिच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले. ती अशी किंचाळली की खालच्या मशीन बंद पडल्या.

जिन्याच्या खोलीत नेऊन शर्टाची कॉलर मागे ओढली. मानेखाली, खांद्यांवर बारीक बारीक फोड. काही फुटलेले. लाल काहीच दिसत नव्हतं, कातडी नेहमीपेक्षा काळपट आणि ताणलेली होती. हाताला मात्र चटका बसत होता. आठवडाभर ती हे कपड्याखाली झाकून गुडघ्यांवर बसत होती.

"बोलली का नाहीस?"

ती रडायलाच लागली. "रंगाने होतंय हो. मला या रंगाची ॲलर्जी आहे. मीच तुम्हाला या धंद्यात ओढलं, मीच नोकरी सोडली, आणि आता मलाच रंग सोसत नाही. कोणत्या तोंडाने सांगू?"

म्हणजे ती रुसली नव्हती. लाजत होती. आणि मी कार्डं छापत होतो.

१९ एप्रिल, बुधवार

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मी रंगाचा डबा बरोबर नेला होता. त्यांनी डब्याकडे बघितलंही नाही. फोड बघितले, बोटांच्या मागच्या बाजूने खांदा हलकेच चाचपला, फोडांच्या कडा कुठवर जातात ते बघितलं. मग विचारलं, "शर्टाच्या गळ्याबाहेर जास्त आहे, काखेत अजिबात नाही. रंग काय जागा बघून लागतो? दुपारी उन्हात किती वेळ असता?"

बायको म्हणाली, "दुपारभर. पण मला ऊन लागत नाही."

"कोण म्हणालं?"

मी डबा पायाने खुर्चीखाली सरकवला.

बाई शांतपणे समजावत गेल्या. भाजतं ते उन्हाच्या उकाड्याने नव्हे. उन्हात डोळ्यांना न दिसणारा एक भाग असतो, तो कातडीच्या पेशींत आतपर्यंत शिरून मोडतोड करतो. गार वारा असला तरी करतो, ढग असले तरी बराचसा करतो. शरीर दुरुस्तीसाठी तिकडे रक्त धाडतं, म्हणून काही तासांनी आग होते. फारच बिघडलेल्या पेशी शरीर टाकून देतं, ती आपली साल निघते. कातडीतला काळा रंग या भागाला अडवतो, म्हणून सावळ्या माणसाला उशिरा भाजतं. "उशिरा," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "कधीच नाही असं नव्हे. आम्ही कातडीचे सहा प्रकार धरतो. तुम्ही दुसऱ्यात, त्या पाचव्यात. तुम्ही पटकन भाजता आणि गाजावाजा होतो. त्यांना जास्त वेळ लागतो, पण तुम्ही तेवढा वेळ दिलात. खाली पांढरी गच्ची, अंगावर पातळ ओला शर्ट. कापड ओलं झालं की ऊन आणखी आरपार जातं."

मी विचारलं, "पण लाल का नाही झालं?"

"झालंय. तुम्हाला दिसत नाही. अशा कातडीवर लाली शोधायची नसते. हात लावून बघायचं. तापली आहे का, ताठली आहे का, दुखते आहे का."

मग त्यांनी मलम लिहून दिलं, फोड फोडायचे नाहीत म्हणून बजावलं आणि भरून येईपर्यंत ऊन बंद केलं.

बायकोने एकच विचारलं, "म्हणजे रंगाने नाही?"

"रंगाचा काही संबंध नाही."

ती हसायला लागली. तपासायच्या उंच बाकावर बसून, पाठीला फोड, आणि ही बाई पोट धरून हसते आहे. "ऊन! मला ऊन लागलं!" डॉक्टरीणबाईही हसल्या. मीही हसलो. जरा लवकरच हसलो, हे नंतर कळलं.

२० एप्रिल, गुरुवार

हसू कालचं. आज राग.

मी सकाळपासून गार घड्या घेऊन तिच्यामागे फिरत होतो. तिसऱ्या घडीला ती म्हणाली, "तुमची हनुवटी चुरचुरली तर ताईंना फोन गेला. मी आठ दिवस पालथी झोपते आहे, तर तुम्ही कार्डं छापलीत."

म्हणालो, "मला कळलंच नाही गं."

"कळलं नाही, कारण तुम्ही विचारलंत 'काय बिनसलंय'. 'काय दुखतंय' असं एकदाही विचारलं नाहीत."

मी मान खाली घातली. तिने माझ्या हातातली घडी काढून वाटीत टाकली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "तुमच्यावर तरी किती रागावू? लहान होते तेव्हापासून ऐकते आहे, हिला काय होतंय, हिला ऊन लागत नाही. पाठीला आग लागली होती तरी मला ऊन आठवलं नाही. रंगावर संशय घेतला, स्वतःवर घेतला. उन्हावर नाही घेतला. मलाही ते खरंच वाटत होतं हो."

मला तेव्हा आत्याचं वाक्य आठवलं. मोठ्या मनाचा मुलगा. त्या मोठ्या मनाने मी माझ्या बायकोला भर दुपारी गच्चीवर बसवलं आणि स्वतः टाकीच्या सावलीत वारा खाल्ला. शरम वाटली. नुसती लिहिण्यापुरती नाही.

तिला म्हणालो, "उरलेली सगळी गच्ची मी करतो. भर दुपारी करतो."

"प्रायश्चित्त नको. भाजाल आणि मलाच पुन्हा घड्या बदलाव्या लागतील. उजाडताना चढा, ऊन तापायच्या आत उतरा. भेगा मी सांगते तशा भरा."

"आणि दुकान? शेठना काय सांगणार आहेस?"

"आधी गच्ची तर पुरी करून दाखवा," ती म्हणाली.

२४ एप्रिल, सोमवार

उजाडताना चढतो. ती जिन्याच्या खोलीत सावलीत स्टुलावर बसते, सैल, कोरडा, घट्ट विणीचा कपडा घालून, आणि तिथून माझा उद्धार करते. "ती भेग नाही, ती सावली आहे तुमची. तिच्यात पुट्टी भरू नका." खरंच भरत होतो.

इतक्या सकाळी भेगा दमट असतात. तिने त्यावरही तोड काढली. आदल्या संध्याकाळी ऊन उतरलं की भेगा भरायच्या, तोवर त्या दिवसभर तापून सुकलेल्याच असतात, आणि सकाळी नुसता रंग. म्हणजे दुपारी कोणीही गच्चीवर बसायची गरज पहिल्या दिवसापासून नव्हती. मी केलेली ती रीतसर वाटणी मुळात कशासाठी होती, हा प्रश्न तिने विचारला नाही. मी स्वतःला विचारला आणि रोलर जोरात फिरवला.

२८ एप्रिल, शुक्रवार

गच्ची पुरी. मालकीणबाई खालच्या खोलीत आल्या, छताला हात पुरेना म्हणून स्टुलावर चढल्या, तळवा टेकवला आणि तसाच ठेवला. मग मशीनवरच्या बायकांना म्हणाल्या, "काय गं, फरक आहे का?" एक जण म्हणाली, "बाई, आज पहिल्यांदा दुपारी डुलकी येतेय." मालकीणबाईंना ते फारसं आवडलं नसावं, पण दोन्ही इमारती दिल्या.

त्यांनी पुढच्या कामाची तारीख मला विचारली. मी म्हणालो, "यांना विचारा," आणि बायकोकडे बोट केलं. तिने आधी बोटांवर दिवस मोजले. माझा जीव टांगणीला लागला होता, कारण दुकानाचं ती त्या दिवसानंतर एकदाही बोलली नव्हती.

"पुढच्या सोमवारपासून," ती म्हणाली. "पण आमची माणसं दुपारी गच्चीवर चढत नाहीत."

आमची माणसं म्हणजे ती आणि मी. बाहेर आल्यावर तिने शेठना फोन करून नाही म्हणून सांगितलं. मी गाडीच्या मागे जाऊन डोळे पुसले. डोळ्यांत रंग गेला होता असं सांगितलं, तिने खरं मानल्यासारखं केलं.

२९ एप्रिल, शनिवार

तिच्या खांद्यावरची कातडी भरत आली, जागोजाग डाग राहिले आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जायला वेळ लागेल, आणि आता दोघांनीही उन्हात जायच्या आधी क्रीम लावायचं.

संध्याकाळी औषधाच्या दुकानात गेलो. दुकानदार ओळखीचा नाही. मी उन्हाचं क्रीम मागितलं, त्याने माझ्या सोललेल्या गळ्याकडे बघून आपुलकीने एक ट्यूब काढली. बायको म्हणाली, "दोन द्या."

तो हसला. "ताई, तुम्हाला कशाला? तुमच्या कातडीला गरज नसते."

मी पुढे सरसावलो. सहा प्रकार, न दिसणारा भाग, ओलं कापड, सगळं ओठांवर तयार होतं. तिने माझ्या दंडाला नुसता हात लावला, म्हणजे गप्प बसा. मग कॉलर जराशी बाजूला करून मानेखालचा भाग दुकानदाराला दाखवला. तिथे अजून पापुद्रे निघत होते.

त्याने काउंटरवरून वाकून, चष्मा वर करून, अगदी नीट बघितलं.

"मला तर काही दिसत नाही हो," तो म्हणाला.

"असू दे," बायको म्हणाली. "यांनाही दिसलं नव्हतं. आमचं लग्न होऊन तीस वर्षं झाली."

दुकानदाराने माझ्याकडे बघितलं. मी त्याला सांगितलं, दोन ट्यूब द्या.